सिंह भेटणार नाही

"सिंह भेटणार नाही," काका एवढंच म्हणायचे आणि समोरच्याचा चेहरा पडायचा.

काका मूळचे नागपूरचे. तिकडे दुधाची पिशवीही 'भेटते' आणि नोकरीही 'भेटते'. मी पुण्याची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, सिंह भेटणार नसेल तर चांगलंच की!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि आतल्या खोलीत काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुण्याचे लोक भाताबरोबर व्याकरण कालवून खातात वाटते, बाप्पा."

हा सिंह म्हणजे ढालीवरचा. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर सिंह, गरुड, किल्ले, लिलीची फुलं अशी चित्रं असतात, ती तुम्ही पाहिली असतील. काकांना त्यांचं वेड होतं. कोणाला बोनसाय असतं, कोणाला शेअर बाजार असतो, काकांना ढाली होत्या. दिवसभर एका बँकेचे डेटाबेस सांभाळायचे आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये टेबल टाकून ढाली काढत बसायचे.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये आमची आणि त्यांची टाउनहाउसं एकमेकांना चिकटून होती. मधली भिंत सामाईक. त्यांच्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी माझा गॅस बंद केला आहे, इतका शेजार. त्यामुळे ढालीचं शास्त्र मला शिकावंच लागलं. सुटका नव्हती.

"हे सरदार नखशिखांत लोखंडात बंद होऊन लढायला जायचे," काका सांगायचे. "आता बंद डब्यात लोणचं आहे का तूप, हे कसं समजणार? लेबल पाहिजे का नाही? ढाल म्हणजे लेबल. आपला कोण, परका कोण, लांबून समजलं पाहिजे. नाही तर आपल्याच माणसानं आपल्याला हाणलं असतं."

लेबल लांबून वाचता यावं म्हणून नियम. पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं-चांदी, ते धातू. लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. धातूवर धातू काढायचा नाही, रंगावर रंग काढायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ढाल माणसाची असते, आडनावाची नसते. ज्याला ढाल द्यायचा अधिकार आहे त्यानं ती कोणाला तरी दिलेली असते. बापाची ढाल पोराला लागते, पण त्याच आडनावाच्या भलत्या माणसाला लागत नाही.

"म्हणजे उद्या कोणी देशमुख उठला आणि म्हणाला माझ्या आडनावाची ढाल दाखवा, तर त्याला काय सांगायचं? काहीच नाही. चहा पाजायचा आणि घरी पाठवायचा."

आमच्या वसाहतीच्या प्रवेशद्वारावर एक विटांची भिंत आहे. अमेरिकेतल्या अशा सगळ्या वसाहतींना इंग्लंडमधल्या एखाद्या जहागिरीसारखं नाव असतं, तसं आमच्याही वसाहतीला आहे. त्या नावाखाली एक ढाल आणि ढालीवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्यासमोरून गाड्या काढल्या, कोणी कधी वर पाहिलं नाही. काकांनी पाहिलं. सिंहाचं तोंड उलट्या दिशेला होतं.

ते तडक वसाहतीच्या कमिटीच्या मीटिंगला गेले. मीही गेले, कारण काकूंनी मला सोबत पाठवलं होतं. "आवर घालशील त्यांना," असं म्हणाल्या होत्या. मी कोण आवर घालणार? काका उठून उभे राहिले आणि भल्या मोठ्या हॉलमध्ये त्यांनी डाव्या हातावर अदृश्य ढाल धरून दाखवली. "माणूस पुढे चाललाय. मग ढालीवरच्या सिंहाचं तोंडही पुढे पाहिजे. आपला सिंह मागे बघतोय. म्हणजे मालक लढाईला निघाला आणि सिंह घरी पळाला."

कमिटीच्या अध्यक्षीणबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "सर, तो फक्त लोगो आहे."

"मग झाड लावा. झाडाला तोंड नसते."

पुढच्याच आठवड्यात काकांना नोटीस आली, की तुमचे कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसतात. काकांनी ती नोटीस फ्रिजवर चिकटवली. सिंहानं बदला घेतला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे.

आडनाव टाकलं की तुमच्या घराण्याची ढाल काढून देणारी दुकानं इंटरनेटवर आहेत. मॉलमध्येही असतात. काकांचा त्यांच्यावर दात होता. एकदा त्यांनी तिथे आडनावाच्या रकान्यात 'पोहे' असं टाकलं. उत्तर आलं की पोहे हे उत्तर इटलीतलं पुरातन शूर घराणं असून त्यांनी धर्मयुद्धात पराक्रम गाजवला होता. सोबत ढाल, सिंहासकट. शिवाय तीच ढाल छापलेला चहाचा मग घेतला तर कीचेन फुकट. काकांनी तो मग मागवला. रविवारी सकाळी खरे पोहे खाताना ते त्या मगमधून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "घराण्याचा मान राखून खा."

मग आमच्या मराठी मंडळींत बातमी पसरली की काका ढाली काढून देतात. गणपतीच्या जेवणात लोक त्यांना ताट हातात घेऊ देईनात. प्रत्येकाला सिंह हवा होता. सिंह नसेल तर वाघ, वाघ नसेल तर निदान दोन तलवारी. शेजारच्या केरी गावात राहणाऱ्या एका गृहस्थांनी सिंहाच्या पंजात लॅपटॉप मागितला होता.

"सिंह भेटणार नाही," काका म्हणायचे. "तुमच्या घरी चहाला येतो. मग बघू काय भेटते ते."

आणि खरंच जायचे. सोफ्यावर बसून चहा प्यायचे आणि घर बघायचे. लॅपटॉपवाल्या गृहस्थांच्या घरात नवरा एसी वाढवायचा आणि बायको मागून जाऊन कमी करायची. त्यांना मधोमध कापलेली ढाल मिळाली, एका बाजूला ज्वाळा, दुसऱ्या बाजूला बर्फ. गृहस्थ आठवडाभर रुसले. बाईंनी ती हॉलमध्ये लावली, बरोबर थर्मोस्टॅटच्या वर.

आमच्या ढालीवर त्यांनी दोन बॅगा काढल्या. प्रवासाच्या, चाकं असलेल्या.

मी चिडले. माझ्या माहेरचे पूर्वज कुठल्याशा लढाईत होते, असं आजोबा सांगायचे. निदान एखादा घोडा तरी? "काका, लोकांना ज्वाळा आणि आम्हाला बॅगा?"

"तुमच्या जिन्याखाली आल्यापासून दोन बॅगा भरून ठेवल्या आहेत का नाही? ग्रीन कार्डचं काही झालं तर उचलायच्या आणि निघायचं. मी पाहिल्या बाई. झाकायला चादर टाकता तुम्ही त्यांच्यावर."

माझा नवरा मोठ्यानं हसला, आणि मग स्वतःच खिळा शोधायला उठला. ती ढाल आम्ही लावली. आमच्या इतक्या वर्षांच्या अमेरिकेचं एवढं खरं चित्र दुसऱ्या कोणी काढलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकायची. काका ढाली रंगवायचे नाहीत. फक्त काळं पेन. लाल हवा तिथे उभ्या रेघा, निळा हवा तिथे आडव्या, हिरव्याला तिरप्या, सोन्याला ठिपके. जुन्या छापखान्यांत रंग नसायचे, तेव्हाची ही युक्ती आहे म्हणे. आम्ही म्हणायचो, काका, आता प्रिंटर आले, रंगवा की. ते म्हणायचे, "रेघा खोटं बोलत नाहीत." आम्हाला वाटायचं, विद्वानाचा नखरा आहे. माझा नवरा म्हणायचा, शाई वाचवतात.

त्यांची मुलगी ईशा इथेच जन्मलेली, फिजिकल थेरपिस्ट. तिनं कॉनर नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गोड होता, आमटी ओरपून खायचा. त्याचे वडील वॉल्टर राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात राहायचे. निवृत्त प्लंबर, बायको वारलेली. ते पहिल्यांदा व्याह्यांना भेटायला येणार होते आणि येताना 'आमच्या घराण्याची ढाल' आणणार होते, कारण कॉनरनं त्यांना सांगितलं होतं की ईशाचे बाबा या विषयातले तज्ज्ञ आहेत.

ही बातमी ऐकून काकूंनी कणीक मळता मळता हात थांबवले. "कुठून घेतली असेल ढाल?" मी विचारलं.

"मॉलमधून. आणखी कुठून?" काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "एक शब्द बोललात ना, तर ईशाच्या लग्नानंतर मीसुद्धा तिच्याच घरी राहायला जाईन."

"मी काय बोलतो?" काका म्हणाले. "मी कधी काही बोलतो का?"

त्या शनिवारी दुपारी आम्हा दोघांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. शेजारी म्हणून नव्हे, बफर म्हणून. वॉल्टर आले. उंच, सावकाश बोलणारे, हाताचे पंजे पाटाएवढे. जेवण झाल्यावर त्यांनी एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली लाकडी फळी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली.

मला ती नीट दिसली. हिरव्यागार ढालीवर लालभडक सिंह, आणि खाली आडनाव. रंगावर रंग. आडनावाची ढाल. आणि वर सिंह. काकांचा एकही नियम तिनं शिल्लक ठेवला नव्हता. माझ्या नवऱ्यानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. फळी उजेडाकडे नेली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. आम्हाला वाटलं, जिंकलं, माणूस स्वतःला आवरतोय. मग त्यांनी विचारलं, "सिंह कुठे आहे?"

"बाबा, प्लीज!" ईशा ओरडली.

कॉनरचे कान लाल झाले. वॉल्टर यांनी टॉवेलाची घडी घालायला सुरुवात केली. ती घडी मला अजून दिसते. ज्या माणसाला परत जायचं आहे तो जशी घालेल, तशी.

काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, "सांगून टाका आता."

"वॉल्टर, मी थट्टा नाही केली," काका इंग्रजीत म्हणाले. "मला खरंच दिसत नाही. लाल आणि हिरवा मला एकच दिसतात. जन्मापासून."

मग ते पुढे सांगत राहिले. त्यांना रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही नको होतं. लेखी परीक्षा पास झाले. मग मेडिकलला डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, आकडा कोणता? "मला नुसते ठिपके दिसत होते. मी मनानंच आठ म्हटलं. त्यानं पुस्तक बंद केलं." घरी त्यांनी सांगितलं की लेखीत नापास झालो. नापास होणं सांगता येत होतं, हे सांगता येत नव्हतं. मग कॉम्प्युटर शिकले, इथे आले, लग्नानंतर काकूंनी एकदा ओळखलं तेवढंच. "पुढे एका पुस्तकात ढाली पाहिल्या. रेघांच्या. आयुष्यात पहिल्यांदा मला लाल रंग वाचता आला."

ईशा बापाकडे बघत राहिली. "बाबा, म्हणून तू माझे क्रेयॉन्स लेबल वाचून द्यायचास?"

"आणि लेबल फाटलं असलं की म्हणायचो, आपण उद्या रंगवू."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तोवर वॉल्टर उठून काकांच्या बाजूला येऊन बसले होते. त्या फळीवरचा सिंह थोडा उठावाचा होता. त्यांनी आपल्या भल्यामोठ्या हातात काकांचं बोट धरलं आणि लाकडावरून फिरवलं. "हे तोंड," ते म्हणाले. "हा पंजा. ही शेपटी, इथून वळते." काका लहान मुलासारखे बोट फिरवू देत होते. मी तिथून उठून उगाच पाणी आणायला गेले.

परत आले तेव्हा वॉल्टर सांगत होते की ही ढाल त्यांच्या बायकोनं लग्नाच्या वाढदिवसाला दिली होती. पैसे साठवून, मॉलमधल्या स्टॉलवरून. पुढच्या वर्षी ती गेली. "तुम्ही तज्ज्ञ आहात," ते म्हणाले. "मला खरं सांगा. ही खरी आहे का?"

आता काकू डोळ्यांनी बजावत होत्या, ईशाही, मीसुद्धा. काकांनी कोणाकडे पाहिलं नाही.

"नियम असा आहे," ते म्हणाले, "की ढाल घेता येत नाही. अधिकार असलेल्या माणसानं ती द्यावी लागते. तुम्हाला कोणी दिली?"

"बायकोनं."

"तिला अधिकार होता?"

वॉल्टर पहिल्यांदाच हसले. "तिला सगळ्याचाच होता."

"मग खरी आहे," काका म्हणाले. जरा थांबले. "फक्त रंगावर रंग..."

काकूंना एवढ्या जोराचा खोकला आला की कॉनर पाणी घेऊन धावला.

लग्न ठरलं की दोन्ही घरांच्या ढाली उभ्या कापून शेजारी शेजारी जोडतात, असा रिवाज आहे. डावीकडे वॉल्टर यांचा सिंह बसणार होता. उजवीकडे काकांचं काहीतरी हवं होतं, आणि काकांना स्वतःची ढाल नव्हती. गावभर वाटल्या, घरात नाही. किती आठवडे ते गॅरेजमध्ये कागद फाडत होते, कोण जाणे. शेवटी त्यांनी रेल्वेचा सिग्नल काढला. वरच्या दिव्यात उभ्या रेघा, खालच्यात तिरप्या. लग्नाच्या पत्रिकेवर सिंहाशेजारी तो सिग्नल पाहून लोकांनी विचारलं, हे काय? ईशा प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगायची. काका बाजूला उभे राहून ऐकायचे आणि मध्ये मध्ये तपशील सुधारायचे.

लग्नानंतर काकांची आणि वॉल्टर यांची जी गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. वॉल्टर यांना लाकूडकाम यायचं, काकांना बोलणं यायचं. दर रविवारी फोन. काका ढालींच्या गोष्टी सांगायचे, वॉल्टर ऐकून कोरायचे. काकू म्हणायच्या, "माझं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं तेव्हा बरं होतं. आता दोघं मिळून ऐकत नाहीत."

एका मार्चमध्ये काका गेले. बँकेच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, गाडीतून उतरलेच नाहीत. हार्ट अटॅक. लंच टाइमपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

वॉल्टर दुसऱ्या दिवशी गाडी चालवत आले. सोबत एक चौकोनी पाटी होती, एका कोपऱ्यावर उभी केलेली, चौकटच्या पत्त्यासारखी. मधे कोरलेला सिग्नल. मागची जमीन डावीकडे काळी आणि उजवीकडे पांढरी. त्यांनी आम्हाला दारात उभं राहून समजावलं की जुन्या काळी सरदार वारला की त्याच्या दारावर अशी पाटी लावायचे. गेलेल्याची बाजू काळी. बायको मागे असेल तर तिची बाजू पांढरी ठेवायची. "त्यानंच सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "मी रात्रभर..." काकूंनी त्यांच्या हातातून पाटी घेतली आणि आपल्या हातानं दारावर लावली.

त्या दिवसांत आमच्याकडे पाइनचे पराग झडतात. गाड्या, पायऱ्या, सगळं पिवळं होतं. काकू रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पाटी पुसायच्या, मग दार पुसायच्या, मग आत जायच्या.

कमिटीची नोटीस आलीच. दारावर परवानगी नसलेली वस्तू. काकू एकट्या मीटिंगला गेल्या. मला सोबत नेलं नाही. तिथे त्या काय बोलल्या हे त्यांनी सांगितलं नाही. अध्यक्षीणबाई मात्र दुसऱ्या दिवशी केक घेऊन आल्या आणि काकूंच्या गळ्यात पडून रडल्या.

पाटी काकूंनी स्वतःच्या मनानं उतरवली, मे महिन्यात. शिडी धरायला वॉल्टर आले होते, ईशा आणि कॉनर होते, आम्ही होतो. गॅरेजमध्ये काकांच्या टेबलावर पाटी ठेवली. टेबलाखाली काळ्या रंगाचा अर्धा डबा होता. कडा दुरुस्त करायला वॉल्टर यांनी आणला होता, तो राहून गेला होता. त्यांनी तो उचलून हलवून पाहिला आणि विचारलं, "हा टाकून देऊ?"

काकूंनी पाटीकडे पाहिलं, पांढऱ्या बाजूकडे. "नको," त्या म्हणाल्या. "ठेवा. उरलेल्या बाजूला लागेल."

त्या मराठीत बोलल्या होत्या. ईशानं भाषांतर केलं नाही. माझ्याच्यानंही झालं नाही. वॉल्टर यांनी काकू बघत होत्या तिकडे, पांढऱ्या बाजूकडे पाहिलं. मग त्यांनी भिंतीवरची हातोडी काढली, डब्यावर झाकण बसवलं आणि कडेनं फिरत फिरत, आत हवा जाऊन रंग सुकणार नाही असं, घट्ट ठोकलं.